दारातली कोंबडी, दावणीची शेळी आणि कायदा



आपल्या वस्त्यांत आजही अनेक घरांच्या दाराशी चार कोंबड्या आणि एखादी शेळी असते. मुलांच्या वह्या-पेन्सिलींचा खर्च अंड्यांतून निघतो, आणि दवाखान्याची वेळ आली की शेळी बाजारात जाते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. पण हीच कोंबडी शेजाऱ्याच्या ओट्यावर घाण करते, शेळी कुणाच्या तरी पिकात शिरते आणि भांडण पोलीस चौकीपर्यंत जाते. एक जण म्हणतो, "माझ्या जागेत मी काहीही पाळीन." दुसरा म्हणतो, "वस्तीत जनावर पाळायला बंदीच आहे." दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

सगळ्या महाराष्ट्राला एकच नियम लागू नाही. आपले घर कोणत्या संस्थेच्या हद्दीत येते, ते आधी पाहावे. मुंबईला १८८८ चा महानगरपालिका अधिनियम आहे, इतर महापालिकांना १९४९ चा, नगरपालिका व नगरपंचायतींना १९६५ चा आणि ग्रामपंचायतींना १९५८ चा. मुंबईच्या कायद्याच्या कलम ३८४ प्रमाणे डुकरे पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. शिवाय कोणतेही जनावर लोकांना उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने ठेवता येत नाही. गायी-म्हशींसाठी तर १९७६ चा वेगळा कायदा आहे. ज्या शहरी भागांना तो लागू केलेला आहे, तिथे परवान्याशिवाय गोठा ठेवता येत नाही. भाड्याची खोली असेल तर करारपत्रही वाचावे.

"बंदी आहे" असे कुणी नुसते तोंडी सांगितले तर घाबरून जनावर विकू नका. कोणता नियम, कोणते कलम, ते लेखी मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून उपविधींची प्रत मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ही फी माफ आहे. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.

नियमाचे मूळ आहे उपद्रवात. दुर्गंधी, माश्या, गटारात टाकलेली पिसे, नळाजवळ साचलेले शेण याचा त्रास शेजारच्या लेकराला होतो, हे आपणही मान्य केले पाहिजे. खुराडे पिण्याच्या पाण्यापासून आणि शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब ठेवा. रोज झाडून घ्या. शेण-लेंड्या झाकलेल्या खड्ड्यात टाका. कोंबड्या रात्री कोंडून ठेवा. एवढे केले तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. तरीही सार्वजनिक उपद्रवाची तक्रार झाली तर कार्यकारी दंडाधिकारी जनावर हलवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १३३ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ आहे. या आदेशावर हजर राहून आपली बाजू मांडता येते, म्हणून नोटीस आली तर ती फाडून टाकू नका, तारखेला हजर राहा.

उलट, शेजाऱ्याला राग आला म्हणून त्याने कोंबड्यांना विष घालावे, शेळीचा पाय मोडावा, असे चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे अशा गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खेड्यात शेळी शेतात शिरली तर शेतकऱ्याने तिला कोंडवाड्यात द्यायचे असते. ती आपल्या घरी डांबून ठेवण्याचा किंवा मालकाला मारहाण करण्याचा अधिकार त्याला नाही. ठरलेली फी भरून, पावती घेऊन शेळी सोडवावी. ती बेकायदा धरली असेल तर दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

आता रोगाचे बोलू. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि त्या भागातले पक्षी मोठ्या संख्येने मारावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात घरोघरच्या कोंबड्यांतही तो आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी तीच वेळ आली. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर "कळले तर सगळ्याच नेतील" या भीतीने आपण गप्प बसतो. ही भीती महागात पडते. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जितका उशीर, तितका तोटा आपलाच, आणि घरातल्या माणसांच्या जिवाला धोका तो वेगळाच. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा साथीच्या रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, आणि ती खाऊ किंवा विकू तर मुळीच नका. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मात्र वेळेवर टोचून घ्या.

शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. गोठ्यातले जनावर मेले तर ते उचलायचे कोणी? त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी मालकाची आणि स्थानिक संस्थेची आहे. कोणत्याही जातीची नाही. मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडून द्या, हे १९२७ च्या महाड परिषदेतच ठरले. तरी कुठे कुठे "हे तुमचंच काम" असे म्हणणारे भेटतात. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला मेलेले जनावर उचलायला भाग पाडणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ७-अ खाली गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा कृत्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. पोटासाठी नगरपालिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या भावाला हातमोजे, साधने व पगार मिळालाच पाहिजे. फुकटची वेठ मात्र कुणीही करू नये.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. मंडळातल्या दोघा-तिघांनी मिळून आपल्या ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे जनावरे पाळण्याच्या नियमांची प्रत मागा, आणि ती आल्यावर रविवारच्या सभेत सर्वांना वाचून दाखवा. ज्या बायामाणसांच्या दाराशी कोंबड्या आहेत, त्यांना पुढे बसवा. संसाराला हातभार लावणारे हे जित्राब टिकायचे असेल, तर खुराडे स्वच्छ हवे आणि नियमाचा कागद आपल्या हातात हवा.