पुरे, साकु, पोदुम्

अप्पांना चार भाषा यायच्या. चिकपेटेत साड्यांच्या दुकानात 40 वर्षं गुमास्तेगिरी केलेल्या माणसाला त्या येतातच. पायरी चढणारं गिऱ्हाईक कुठल्या भाषेत नको म्हणणार, हे त्यांना आधीच कळायचं. शेवटच्या नऊ दिवसांत ते स्वतः चारही भाषांत नको म्हणाले. डॉक्टरांना ‘साकु’, तमिळ नर्सबाईंना ‘पोदुम्’, वॉर्डबॉयला ‘बस करो’, आणि मला ‘पुरे रे आता’.

ते सगळ्यांना कळलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण बहुभाषिक शहरातल्या मरणाबद्दल लिहायला बसलं की आपण लिहिणारे लगेच भाषेला पुढे करतो. बापाचं कुणाला समजलं नाही, तो भाषेवाचून एकटा पडला, वगैरे. वाचायला छान वाटतं. खोटं आहे. समजलं, म्हणून तर आम्ही नजर चुकवत होतो.

स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. बरं होणं नव्हतंच. नाकातली नळी अप्पांनी दोनदा उपसली, तेव्हा हात पलंगाच्या कठड्याला बांधले. अतिदक्षता विभागात नेण्याच्या कागदावर सही माझी. भेटायला संध्याकाळी अर्धा तास, तोही एकेकाला.

‘आम्ही काही कमी केलं नाही’ हे वाक्य कुणासाठी असतं? मरणाऱ्यासाठी नक्कीच नसतं. ते भाऊबंदांसाठी असतं, पुण्याहून फोन करणाऱ्या आत्यासाठी असतं. बापाला घरी नेलं तर पोरगा पैशाला मागे सरला असं लोक म्हणतील, ही माझी भीती होती. तिचं बिल अप्पांच्या अंगावर फाडलं.

कायद्याचं नाव सांगू नका. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो. शुद्ध हरपल्यावर काय करू नये, हे आधी लिहून ठेवता येतं. त्यातली किचकट अट 2023 मध्ये गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. जानेवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारने त्याचं परिपत्रकही काढलं. जागाही होती. मारतहळ्ळीजवळचं करुणाश्रय कॅन्सरच्या अशाच रुग्णांना विनामूल्य सांभाळतं. मला ठाऊक होतं. ‘तिथे मरायलाच नेतात’ म्हणून मी तो विषय घरात काढला नाही. जणू आम्ही दुसरीकडे कुठे नेलं होतं.

आणि वर आपण पुंडलिकाचे गोडवे गाणारे! त्याने दारात आलेल्या देवाला विटेवर थांबवलं, कारण तो आईबापांच्या पायाशी बसला होता. आम्ही अप्पांना आत बांधून काचेबाहेर थांबलो.

तेराव्याला सगळे म्हणाले, ‘पोरांनी शर्थ केली.’ मी हात जोडले.

गेल्या महिन्यात मी माझा कागद तयार केला. नळी नको, व्हेंटिलेटर नको, घरी ठेवा. मी बोलू शकलो नाही तर ठरवणारा म्हणून मुलाचं नाव घातलं आणि त्याला वाचायला दिला. ‘आत्ता कशाला हे अभद्र?’ म्हणून त्याने तो टीव्हीखालच्या खणात ठेवला. अजून तिथेच आहे.