आधी निदान, मग सामान

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणा एका मिस्त्रीशी नाही, एका वाक्याशी. "काका, पंप बदलून पाहू, नाही जमलं तर मग बघू." ज्यांच्या दारात जुनी, मागच्या काचेवर 'एमपीएफआय' लिहिलेली गाडी आहे, त्यांनी हे वाक्य एकदा तरी ऐकलं असणारच. ते आपल्याला गरीब करतं आणि गाडीला बदनाम.

दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सकाळी यवतमाळहून निघताना गाडी एका सेल्फात चालू. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं, चहा घेतला, अर्ध्या तासाने चावी फिरवली तर सेल्फ फिरतोय, फिरतोय, पण इंजिन काही घेत नाही. तासाभराने पुन्हा शहाण्यासारखी चालू! मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, गाडीत कुणी आजारी माणूस असेल तर हा तास किती मोठा असतो ते सांगायला नको.

मी जन्मभर पोरांना मराठी शिकवलं, वाक्यपृथक्करण करून घेतलं. "गाडी गरम झाली की चालू होत नाही" हे वाक्य माझ्यासमोर कुणी टाकलं की माझा हात आपोआप खडूकडे जातो. कारण या एका वाक्यात चार वेगळी वाक्यं दडलेली आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर निराळं आहे.

पहिलं : सेल्फच नीट फिरत नाही, रडतो किंवा नुसता 'टक्' करतो. मग पेट्रोलला हात लावायचं कारणच काय? बॅटरीची टोकं, अर्थिंगची पट्टी, स्टार्टर मोटर पाहा.

दुसरं : सेल्फ जोरात फिरतो, पण चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकूच येत नाही. आधी फ्यूज, मग रिले, मग पंप. १९९०च्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले याबाबत जगभर प्रसिद्ध आहे. उन्हात तापला की आतल्या डागाच्या बारीक भेगा उघडतात आणि पंपाला वीज मिळत नाही. दोष डागाचा, शिक्षा पंपाला!

तिसरं : गुणगुण येते, पण तीन-चार वेळा चावी ऑन-ऑफ केली तरच गाडी घेते. म्हणजे गाडी उभी असताना नळीतला दाब टिकत नाही. बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची धग बोनेटखाली वाढत जाते. दाब गेलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. हे ऐकून लोक म्हणतात, "पेट्रोल उडालं, ऊनच तसं आहे." अहो, पद्मिनीच्या काळी हे खरं होतं. पंप इंजिनालाच चिकटलेला, म्हणून त्यावर ओलं फडकं टाकत. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली असतं. दाब शाबूत असेल तर वाफ सहसा अडवत नाही. तेव्हा प्रश्न ऊन का पडलं हा नाही, दाब कुठे गळाला हा आहे. पंपातल्या झडपेतून, प्रेशर रेग्युलेटरमधून, की इंजेक्टरमधून?

चौथं : एक्सलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर काळा धूर सोडत, पेट्रोलचा वास मारत चालू होते. म्हणजे पेट्रोल कमी नाही, जास्त आहे! इंजेक्टर गळतोय, नाहीतर पाण्याचा तापमान सेन्सर खोटं बोलतोय. आणि यांपैकी काहीच नसेल, स्पार्कच नाहीसा झाला असेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल, तर क्रँकचा (काही गाड्यांत कॅमचा) सेन्सर किंवा कॉइल तपासा.

माझी स्वतःची गाडी २००४ सालची. एका गॅरेजात प्लग झाले, बॅटरी झाली, तिसरा नंबर पंपाचा होता. मी म्हटलं, आधी सिद्ध करा. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी तापलेल्या इंजिनावर तापमान सेन्सरला मीटर लावला. तापल्यावर साधारण तीनशे ओहम दिसायला हवेत, तिथे हजारांतला आकडा. सेन्सर दिवसभर एकच सांगत होता, "इंजिन थंड आहे." सकाळी ते खरं असायचं म्हणून गाडी निमूट. दुपारी खोटं, म्हणून संगणक नको तितकं पेट्रोल ओतायचा. पंपापेक्षा कितीतरी स्वस्त वस्तू!

यावर म्हणतील, "स्कॅनर लावला होता, कोडच नाही आला." आकडा अशक्य असेल तर कोड येतो. शक्य पण खोटा असेल तर बरेचदा येत नाही. रात्रभर उभ्या गाडीचा सेन्सर सकाळी हवेइतकंच तापमान दाखवतो का, एवढं बघायला काय लागतं? आणि गाडी रात्रभर ठेवून सकाळी थंड इंजिनावर "ठीक आहे" म्हणणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं.

सध्या नवा आरोपी सापडला आहे, इथेनॉल. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं झालं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या-सील त्याने खराब होऊ शकतात, हे मान्य. मग नळ्या तपासा ना! सगळं खापर त्याच्यावर फोडून गाडीकडे न पाहणं हे निदान नव्हे.

सर्वांत वाईट म्हणजे "डायरेक्ट करून देतो." पंपाची वायर रिलेला वगळून सरळ जोडायची. इंजिन थांबलं की पंप थांबावा अशी योजना संगणकात आहे, ती अपघातासाठी. डायरेक्ट केलेला पंप गाडी उलटली तरी फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहील. घरातल्या पुतण्या-भाच्यांनो, हे कुणालाही करू देऊ नका. तसंच तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी उघडू देऊ नका.

मिस्त्रींची बाजूही आहे. पार्टचे पैसे गिऱ्हाईक मुकाट देतं, पण तासभर डोकं चालवलं त्याचे मागितले की "केलं काय तुम्ही?" म्हणतं. डॉक्टरला तपासणी फी देतोच ना? तशीच इथेही द्या. उगाच बदललेल्या एका पंपात अशा कितीतरी तपासण्या होतील.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजात "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. सेल्फ कसा फिरतो, गुणगुण येते का, वास येतो का, किती वेळाने घेते, हे कागदावर लिहून न्या. आणि "बदलून पाहू" ऐकलंत की शांतपणे विचारा, "का?" उत्तर मिळालं तर बदला. नाही मिळालं तर चावी परत मागा.