क्षेत्रकार्य आणि तेही ऑनलाइन?

समाजकार्याचे औपचारिक शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली मुंबईत निघाली, ती नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीत. आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान ते हेच. वस्तीत जायचे, परतल्यावर अहवाल लिहायचा आणि तो पर्यवेक्षकापुढे ठेवायचा, हा या शिक्षणाचा शिरस्ता. मार्च २०२०च्या टाळेबंदीत तो मोडला.

तेव्हा इलाज नव्हता. पण त्या काळात ‘फिल्डवर्क’ म्हणून जे चालले, त्याला आता सोय म्हणून कायमची जागा देऊ नये. यादी घेऊन फोन करायचे. पलीकडच्या बाईचा नवरा शेजारीच बसलेला, ती ‘सगळं बरं आहे’ एवढेच म्हणणार. घरी गेलेल्या विद्यार्थिनीला तिच्या हातावरचे वळ तरी दिसले असते. खुद्द विद्यार्थिनीही कौटुंबिक हिंसाचारावरचा तास एका खोलीच्या घरात, घरच्यांच्या देखत ऐकत होती. ती चर्चेत काय बोलणार? शिक्षकांपुढे नुसते काळे चौकोन. कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही, असा निष्कर्ष पटकन निघतो. घर दाखवायचा संकोच हेही कारण असते, हे निदान समाजकार्याच्या शिक्षकाला सांगावे लागू नये.

काहींना आपल्याच गावात क्षेत्रकार्य करायची मुभा मिळाली. पण गावात तो प्रशिक्षणार्थी नसतोच, अमक्याचा मुलगा असतो. त्याची जात, त्याची आळी सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या आळीतले कुटुंब त्याला आपले कर्ज मोकळेपणाने सांगेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

पर्यवेक्षकाशी होणारी वैयक्तिक चर्चा मात्र ऑनलाइन बरी चालते. अहवाल आदल्या रात्री पोचतो, शिक्षक वाचून बसतात, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. सिद्धान्ताचे तासही तसेच चालू शकतात.

मानसशास्त्रासह आरोग्यसंलग्न अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५मध्ये मनाई केली. समाजकार्याच्या सगळ्याच शिक्षणाला तशी सरसकट बंदी नको. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अंगणवाडी सेविकेचा रस्ता त्याने बंद होईल. क्षेत्रकार्याचे तास तेवढे प्रत्यक्षच हवेत, त्यात सवलत नको. प्रवेश घेणाऱ्यांनीही फीच्या आधी विचारावे: क्षेत्रकार्य कोणत्या संस्थेत, आठवड्यातून किती दिवस आणि अहवाल वाचणार कोण?