खाली बसलेलं मूल कसं उठतं, तेही तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,


कर्नाटकच्या सीमेजवळच्या दुधनीहून (ता. अक्कलकोट) एक मागणी करतो आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत येतं, तेव्हा वजन-उंचीबरोबर प्रत्येक मुलाला जमिनीवर बसवून उठायला सांगावं.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार असलेला चार-पाच वर्षांचा मुलगा सरळ उठत नाही. आधी ओणवा होतो, हात जमिनीला टेकतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रेटत उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळे 'जरा आळशी आहे, मोठेपणी सुधारेल' म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

स्नायू आकुंचन पावतो तो अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांमुळे. हा ताण पेशीच्या आवरणाने सोसावा म्हणून अ‍ॅक्टिनला आवरणाशी जोडणारं प्रथिन म्हणजे डिस्ट्रोफिन. १९८७ मध्ये त्याचा शोध लागला. या आजारात ते नसतं, म्हणून चालता-धावताना आवरण फाटतं, कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरते आणि तिथे चरबी साचते. पोटरी भरदार दिसते ती यामुळेच.

सीपीके ही रक्ताची साधी तपासणी संशय पक्का करते. शेवटचं निदान जनुकीय चाचणीने होतं. सीपीके केलीच नाही, तर एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं पाहून मुलावर यकृताचे उपचार होत राहतात. हे एन्झाइम स्नायूंतूनही रक्तात येतात.

या आजारामागचा जनुकीय दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. तो बऱ्याचदा आईकडून येतो, तर काही मुलांत नव्याने उद्भवतो. आईला बोल लावण्यात अर्थ नाही. तिची तपासणी आणि पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला मात्र हवा.

आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. तरी वेळेवर सुरू केलेल्या स्टिरॉइडने मूल जास्त काळ चालतं; हृदय आणि श्वासावर लक्ष ठेवता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातही आहे आणि मुंबईचं केईएम त्या धोरणाखालचं केंद्र आहे. पण निदानाशिवाय यातलं काहीच मुलापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून पथकाला तसा लेखी आदेश द्या, संशय आलेल्या मुलाची सीपीके तालुक्यातच मोफत करा आणि पालकांना माहिती मराठीबरोबर कन्नडमध्येही द्या. येत्या तपासणीपासूनच सुरुवात व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक दुधनीकर