केसपेपरवरचा ‘व्यसन’ रकाना

बर्जर रोगात धमन्या बंद होतात त्या बहुधा गुडघ्याखालच्या, आणि रुग्ण असतो पंचेचाळिशीच्या आतला बिडी ओढणारा. पहिली तक्रार तळपायाची असते. थोडे चालले की पाऊल भरून येते, थांबले की उतरते. हे क्लॉडिकेशन टाचदुखी समजून मऊ चपला आणि वेदनाशामके लिहून दिली जातात. घोट्यामागची नाडी चाचपण्याचे कष्ट कोणी घेत नाही. रुग्ण रात्री पाय खाटेखाली सोडून बसू लागला की डॉप्लरची चिठ्ठी निघते. तोवर अंगठ्याचे टोक काळे पडलेले असते.

लिओ बर्जर यांनी 1908 मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर सिम्पथेक्टॉमी आली, प्रोस्टाग्लँडिन आली. रोग थांबतो तो मात्र तंबाखू पूर्ण सुटल्यावरच. दिवसाला एक-दोन बिड्यासुद्धा तो धगधगता ठेवतात.

असे असताना केसपेपरवर तंबाखूला जागा किती? ‘व्यसन : आहे / नाही’. ‘सिगरेट ओढता का?’ या प्रश्नाला बिडीवाला ‘नाही’ म्हणतो, आणि त्यात तो खोटे बोलत नसतो. बिडी सोडून तंबाखू-चुना मळू लागलेल्याची नोंद ‘व्यसन सोडले’ अशी होते. मिश्री लावणाऱ्या बाईला तर कोणी विचारतच नाही. नमुना ठरवणाऱ्या साहेबांना आणखी दोन ओळी छापणे जड जाते. पाय कापल्यावरच्या कागदांना मात्र तोटा नाही. त्या डिसचार्ज कार्डावर ड्रेसिंग असते, टाके काढण्याची तारीख असते, तंबाखूबद्दल अक्षर नसते. पुढे तोच रुग्ण दुसरा पाय घेऊन येतो.

धूम्रपान करणाऱ्या मधुमेहींची गफलत वेगळी. बधिर पायाला क्लॉडिकेशन जाणवत नाही आणि कडक झालेल्या धमन्यांमुळे एबीआय 1.3 च्या वर जाऊन उगाच दिलासा देतो. तेथे बोटाचा दाब मोजावा लागतो.

छापील नमुना बदलण्याची वाट पाहू नये. समासात हातानेच लिहावे : काय, दिवसाला किती, किती वर्षे, शेवटचे केव्हा. तंबाखू सोडवण्याचा सल्ला शल्यचिकित्सकाने स्वतः द्यावा, इंटर्नवर ढकलू नये. बर्जरच्या रुग्णाला निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगगम देताना हात आखडता घ्यावा, कारण निकोटिननेही रोग चालू राहू शकतो. बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लीनचा विचार आधी व्हावा. 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा विनामूल्य क्रमांक डिसचार्ज कार्डावर शिक्क्याने उमटवता येतो. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.