सेनापती पडल्यानंतरची सेना

नागपुरातील सीताबर्डीची टेकडी पारशिवनीच्या माणसाला अपरिचित नाही. कचेरीच्या कामासाठी, महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी किंवा बाजारहाटासाठी नागपूर गाठणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. परंतु २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्या टेकडीवर जे घडले, त्याचे कारण विचारले तर शिक्षकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. आप्पासाहेब भोसले दुबळे निघाले, दरबारात फितुरी माजली, इंग्रज कावेबाज होते. या उत्तरातील एकही गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. तरीही दीड हजारांहून कमी शिपायांनी अठरा हजारांच्या सैन्याला अठरा तास थोपवून धरावे आणि अखेर मागे रेटावे, हे कोडे त्याने सुटत नाही. शौर्याचा अभाव हेही कारण देता येत नाही, कारण २७ तारखेच्या सकाळी लहान टेकडी जिंकून घेणारे अरब शिपाई भोसल्यांच्याच चाकरीतील होते. उणीव होती ती सैन्याच्या रचनेत.

ही उणीव नीट पाहायची तर त्याच काळातील दुसऱ्या एका पराभूत राज्याकडे पाहणे उद्बोधक ठरते. ते राज्य म्हणजे युरोपातील प्रशिया. फ्रेडरिक राजाच्या विजयांमुळे प्रशियाच्या सेनेचा दबदबा मोठा होता. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी नेपोलियनने तो एका दिवसात धुळीस मिळविला. येना येथे एका सैन्याचा पराभव झाला आणि जवळच औअरश्टेट येथे मुख्य सैन्याचा. या दुसऱ्या लढाईत फ्रेंच सेनानी दाव्हू याच्याजवळ शत्रूच्या निम्मेच बळ होते. परंतु प्रशियाचा सेनापती ब्रन्सविकचा ड्यूक गोळी लागून पडला आणि त्याच्या जागी आज्ञा कोणी द्यायची हेच ठरेना. राजा छावणीत होता, पण सेनापतित्व त्याने घेतले नाही. निरनिराळ्या शस्त्रांची दले एकत्र करून बनविलेले विभाग मोहिमेच्या तोंडावर उभे केलेले होते व त्यांना एकमेकांची सवय नव्हती. सेनापती पडला आणि सेना पांगली. पानिपतची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

त्या सेनेचा आणखी एक दोष होता. कंपनीचा कप्तान हा तिचा जणू मक्तेदार असे. सरकारकडून ठोक रक्कम घ्यायची, शिपायांना रजेवर घरी पाठवायचे आणि त्यांचा वाचलेला पगार खिशात घालायचा, ही रीत मान्यताप्राप्त होती. आपल्याकडील सरंजामी पद्धतीत कागदावर शंभर स्वार दाखवून प्रत्यक्षात साठच आणणारे सरदार याहून फारसे निराळे नव्हते. ज्याचा नफा सैन्य कमी ठेवण्यात आहे, त्याच्याकडून सैन्याची निगा राखली जाईल ही अपेक्षाच व्यर्थ होय.

आता त्याच्या तीन वर्षे आधीचा वऱ्हाड-नागपूरचा प्रसंग पाहावा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले यांची सैन्ये आर्थर वेलस्लीसमोर उभी होती. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हनोवरच्या माणसाच्या हाताखाली होत्या. सुमारे शंभर तोफा होत्या आणि त्या इतक्या नेटाने चालविल्या गेल्या की वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. परंतु पायदळ व तोफखाना मरत असताना प्रचंड घोडदळ जवळजवळ स्वस्थ राहिले, आणि रघूजी तर लवकरच रणांगणाबाहेर पडले. पलटण एकाची, पागा दुसऱ्याची, तोफखान्याचा कारभार तिसऱ्याकडे, आणि दोन धन्यांच्या दोन सैन्यांना बांधून ठेवणारा अधिकार कोणाचाच नाही, अशी ती स्थिती होती. २९ नोव्हेंबरला अडगाव येथे रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखालील फौज मोडली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटकचा प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनी गमावला.

येथपर्यंत दोन्ही कथा समांतर जातात. पुढे मात्र त्यांची वाट फुटते.

प्रशियाच्या राजाने १८०७ च्या जुलैमध्ये, म्हणजे टिल्सिटच्या मानहानीच्या तहाबरोबरच, सैन्याच्या पुनर्रचनेसाठी एक मंडळ नेमले. शार्नहोर्स्ट हा त्याचा प्रमुख होता. तो सरदारकुळात जन्मलेला नव्हता. त्याचा बाप हनोवरच्या सैन्यात बिनसनदी अधिकारी होऊन गेला होता. या मंडळाने पराभवाची चौकशी केली, नालायक ठरलेले अधिकारी काढून टाकले आणि कप्तानांची मक्तेदारी बंद केली. ६ ऑगस्ट १८०८ च्या आज्ञेने अधिकारपद कुळावर न मिळता शांततेत ज्ञान व शिक्षण यांवर आणि युद्धात पराक्रमावर मिळेल असे जाहीर झाले. शिपायांना दिल्या जाणाऱ्या अमानुष फटक्यांच्या शिक्षाही त्याच वर्षी हटविण्यात आल्या. १८०९ मध्ये युद्धखाते एका छत्राखाली आले आणि १८१० मध्ये बर्लिनला अधिकाऱ्यांची युद्धशाळा निघाली. नेपोलियनने सैन्यावर ४२ हजारांची मर्यादा घातली होती. ती पाळत असतानाच माणसांना आळीपाळीने शिकवून घरी पाठविण्याची युक्ती काढण्यात आली. मार्च १८१३ मध्ये लान्डवेअर हे नागरिकांचे दल उभारले गेले.

१८१५ च्या रणसेनेची घडण या खटाटोपातून आली. ब्लूशरच्या हाताखाली सुमारे १ लाख २० हजारांची सेना होती आणि तिचे चार कोअर होते. प्रत्येक कोअरमध्ये पायदळाच्या चार ब्रिगेडी, शिवाय राखीव घोडदळ आणि राखीव तोफखाना. पायदळाच्या रेजिमेंटीत तीन बटालियनी. कोअर म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहून एखादा दिवस एकट्याने झुंजू शकेल असे छोटे सैन्यच होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक कोअरच्या सेनानीजवळ एक शिक्षित प्रमुख सहायक अधिकारी असे. मार्ग, मुक्काम, दाणागोटा, नकाशे आणि लेखी हुकूम यांचा भार त्याच्यावर असे, आणि सगळ्या कोअरांतील हे अधिकारी एकाच शाळेतील विचाराने तयार झालेले असत.

या रचनेची परीक्षा १६ जून १८१५ रोजी लिन्यी येथे झाली. प्रशियाचा पराभव झाला. ७२ वर्षांचा ब्लूशर मारल्या गेलेल्या घोड्याखाली सापडला आणि काही काळ तो कोठे आहे हे कोणालाच कळेना. औअरश्टेटची पुनरावृत्ती व्हावी अशीच ही घटना होती. परंतु या वेळी प्रमुख सहायक ग्नायझेनाऊ याने वाव्हरच्या दिशेने माघारीचे हुकूम दिले आणि पराभूत कोअर रात्रीच्या अंधारात, पावसात, ठरल्या वाटेने गेले. दोन दिवसांनी, १८ जूनला, हीच पराभूत सेना वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनच्या बगलेवर येऊन कोसळली. तेथे तिची वाट पाहणारा वेलिंग्टन म्हणजे असई, अडगाव व गाविलगड जिंकणारा तोच आर्थर वेलस्ली होता.

त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी नागपुरात काय झाले? आप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे उघडपणे स्वीकारली आणि दोन दिवसांनी सीताबर्डीची लढाई जुंपली. ती फसताच त्यांनी इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सकडे दिलगिरीचे निरोप धाडले. डिसेंबरात जनरल डव्हटनची फौज आली. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन बसले, आणि त्याच दिवशी त्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले. गणपतराव आपले घोडदळ घेऊन पेशव्यांना मिळण्यासाठी निघून गेले. शहरात राहिलेल्या अरबांनी २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला परतवून लावला आणि महिनाअखेर स्वतःच्या अटींवर शहर सोडले. राजा शत्रूच्या छावणीत, घोडदळ दुसऱ्या धन्याच्या वाटेवर, पायदळ आपल्यापुरता तह करण्यात गुंतलेले. या तिघांपैकी कोणी भ्याड होते असे म्हणता येणार नाही. त्यांना एकत्र धरून ठेवणारी व्यवस्थाच नव्हती, म्हणून धनी बाजूला होताच प्रत्येकजण मोकळा झाला.

या तुलनेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. प्रशियाला रशियाचा हिवाळा आणि इंग्लंडचा पैसा यांचा आधार मिळाला. भोसल्यांच्या मदतीला कोण येणार होते? कटक व वऱ्हाड गेल्यावर उत्पन्न घटले, पेंढाऱ्यांनी मुलूख लुटला, १८०९ मध्ये अमीरखान चालून आला. आणि नागपूरच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट बारीक नजर ठेवून बसलेला होता. हे सारे खरे आहे, आणि सुधारणा केल्या असत्या तर राज्य वाचलेच असते असा दावा कोणी जाणता माणूस करणार नाही. परंतु प्रशियाचेही अर्धे राज्य गेले होते, त्याच्यावरही जबर खंडणी लादलेली होती आणि त्याच्या किल्ल्यांत फ्रेंच शिबंदी बसली होती. रघूजींनी हयातभर तैनाती फौज नाकारली, हा त्यांचा करारीपणा आदरास पात्र आहे. पण देवगावपासून १८१६ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंतची बारा वर्षे वसुली कडक करण्यात गेली. सैन्याची घडी बदलण्यात गेली नाही. रघूजी गेल्यावर दोन महिन्यांतच आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला. एका माणसाच्या करारीपणावर उभे असलेले स्वातंत्र्य त्या माणसाबरोबर संपले.

अशी रचना ही परक्यांचीच विद्या होती असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि सर्वांवर सरनौबत अशी उतरंड होती. पगार शक्यतो रोख मिळे, घोडा सरकारचा असे आणि अधिकाऱ्यांच्या सोबतीला हिशेब ठेवणारे कारकून असत. ही हजेरी आणि हे हिशेब ढिले पडले, पगाराऐवजी सरंजाम आले, आणि सेना राज्याची न राहता सरदारांची झाली. लेखणी बोथट झाली म्हणून तलवारही बोथट झाली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी या गोष्टीचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. एका कर्तबगार मुख्याध्यापकाच्या निवृत्तीनंतर ओस पडणारी शाळा, एका चेअरमनच्या पाठोपाठ बुडणारी सोसायटी, एका सेवाभावी माणसाच्या निधनाने कुलूप लागलेले वाचनालय महाराष्ट्रात गावोगाव पाहावयास मिळते. त्या वेळीही दोष नशिबाला नाहीतर फितुरीला दिला जातो. संस्था चालविणारा माणूस मोठा होता हे सगळे सांगतात. त्याने आपल्यामागून काम पाहणारे किती तयार केले, हे फारसे कोणी विचारीत नाही.

म्हणून सीताबर्डीचा धडा शिकविताना शिक्षकांनी फळ्यावर आणखी एक प्रश्न लिहावा: सेनापती पडल्यावर हुकूम कोणी द्यायचा होता? विद्यार्थ्यांना त्याचे उत्तर भोसल्यांच्या दप्तरात सापडणार नाही. पण तो प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुढे ज्या कचेऱ्या, शाळा आणि संस्था त्यांच्या हाती येतील, तेथे त्याचे उत्तर ते वेळीच लिहून ठेवतील.