अंड्यांचे रंग

अंडें हा शब्द कित्येक घरांत अजून उंबरठ्याबाहेरच उच्चारला जातो. परंतु संस्कृतांत पक्ष्यास ‘द्विज’ म्हणतात तें या अंड्यामुळेंच. एकदां अंडें म्हणून व एकदां तें फोडून, असे त्याचे दोन जन्म. तेव्हां आपल्या या नामबंधूच्या पहिल्या जन्माविषयीं चार शब्द लिहिण्यास प्रत्यवाय नसावा.

पोपट, घुबड, खंड्या हे पक्षी ढोलींत किंवा बिळांत अंडीं घालतात, आणि तीं पांढरीं शुभ्र असतात. अंधारांत असलेल्या वस्तूस लपविण्याचें प्रयोजन काय? ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाहीं, त्यांच्या अंड्यांनीं मात्र भूमीचा रंग घेतला आहे. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यास वेळ नदीच्या कांठीं टिटवी असते, तिचें पाहा. ती घरटें असें बांधीतच नाहीं. मोकळ्या जमिनींत उथळ खळगा, भोंवतीं थोडे खडे, आणि आंत बहुधा चार अंडीं; मातकट, काळ्या ठिपक्यांचीं, निमुळतीं टोकें मध्याकडे वळविलेलीं. दोन पावलांवरून तीं दिसत नाहींत. भर उन्हांत ती पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येते व अंडीं ओलीं करिते. ऊब देणें जितकें आवश्यक, तितकेंच तीं भाजूं न देणें. सुमारें २८ दिवस नर व मादी आळीपाळीनें हें व्रत चालवितात. कोणी जवळ गेल्यास ओरडून आकाश डोक्यावर घेतात, आणि लोक त्या ओरडण्यास अपशकुन म्हणतात! पंचतंत्रकारानें टिट्टिभाच्या अंड्यांपायीं समुद्रास नमविलें, त्यास हा पक्षी पुरता ठाऊक असावा.

टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं कीं पाऊस पुष्कळ, असा आमच्याकडील शेतकऱ्यांचा ठोकताळा. त्याचा खरेखोटेपणा असो. त्या निमित्तानें खळगा कोठें आहे हें नांगऱ्यास कळे व बैल वळविले जात. ट्रॅक्टरवर उंच बसलेल्यास तो खळगा दिसावा कसा?

जवळच्या मोराची चिंचोलीस लांडोरही झुडुपाखालीं जमिनीवरच अंडीं घालते. परंतु तेथें गांवच तिचा राखणदार. माळढोकाचें दैव निराळें. त्याची मादी विणीस बहुधा एकच अंडें उघड्या माळावर घालते. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजच्या माळावर त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें, तरी तेथेंही तो आतां क्वचित् दिसतो. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस धक्का लावणें १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण न दिसलेल्या अंड्यास कायदा काय करणार?

टिटवीचीं पिलें अंड्यांतून निघाल्यावर थोड्याच वेळांत चालूं लागतात. खळग्याभोंवतालचा हातभर तुकडा महिनाभर नांगरावयाचा ठेविला, तर तेवढें पुरतें.